ड्रोन उडवण्याआधी आकाश ओळखा: अमेरिकेतल्या हौशी ड्रोनवाल्यांसाठी

"विमानतळापासून पाच मैल लांब गेलं की उडवा बिनधास्त." अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हा सल्ला अजून फिरतो. तो हवेतून आलेला नाही. 2012 च्या कायद्यात तशी तरतूद होती, पाच मैलांच्या आत उडवायचं तर विमानतळाला आधी कळवावं लागे. पण ऑक्टोबर 2018 मध्ये नवा कायदा आला आणि ते कलम गेलं. आता अंतर मोजायचं नसतं, आकाशाचा वर्ग बघायचा असतो. म्हणूनच एखाद्या छोट्या धावपट्टीपासून मैलभरावर परवानगीशिवाय उडवता येतं, आणि मोठ्या विमानतळापासून सहा मैलांवर उडवलं तर नियमभंग होतो.

वर्ग ओळखणं वाटतं तितकं किचकट नाही. वैमानिकाला सगळे वर्ग पाठ लागतात, कारण तो त्यांतून वर-खाली जातो. आपला ड्रोन 400 फुटांच्या वर जाणारच नाही. त्यामुळे प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारायचा: इथे नियंत्रित आकाश (जिथे हवाई वाहतूक नियंत्रणाचा ताबा असतो ते) जमिनीपर्यंत उतरलं आहे का? उतरलं असेल तर परवानगी घ्यायची, नसेल तर 400 फुटांपर्यंत मोकळीक. पुढचं सगळं या एका प्रश्नाचं उत्तर खात्रीने कसं काढायचं, त्याबद्दल आहे.

आधी कागदपत्रं, पटकन

एफएएची, म्हणजे फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची, 'ट्रस्ट' नावाची मोफत ऑनलाइन परीक्षा द्या आणि प्रमाणपत्र फोनमध्ये ठेवा. ते हरवलं तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते. ड्रोन 250 ग्रॅम किंवा जास्त असेल तर एफएएच्या ड्रोनझोन या संकेतस्थळावर नोंदणी करा. पाच डॉलर, तीन वर्षं, आणि हौशी उडवणाऱ्याला एकच क्रमांक सगळ्या ड्रोनना चालतो. नोंदणी लागणाऱ्या ड्रोनला रिमोट आयडीही लागतो, म्हणजे उडताना आपली ओळख आणि जागा प्रसारित करण्याची सोय.

249 ग्रॅमचा 'मिनी' घेतला की हौशी माणसाची नोंदणी आणि रिमोट आयडीतून सुटका होते. आकाशाच्या नियमांतून होत नाही. 9 जानेवारी 2025 ला लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स वणव्यावर पाणी टाकणाऱ्या कॅनडाच्या 'सुपर स्कूपर' विमानाला एक ड्रोन धडकला आणि पंखाला भोक पडलं. तो याच हलक्या वर्गातला होता. ऐन वणव्यात ते विमान काही दिवस जमिनीवर राहिलं.

आणखी एक खाचखळगा आपल्या लोकांसाठी खास. हौशी नियम फक्त स्वतःच्या मजेसाठी. महाराष्ट्र मंडळाने सांगितलं, "गणपतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ काढून दे, पुढच्या वर्षीच्या जाहिरातीला लागेल", तर पैसे घेतले नाहीत तरी ते हौशी उड्डाण राहत नाही. ना-नफा संस्थेसाठी केलेली फुकट सेवाही एफएए हौशीत धरत नाही. त्याला पार्ट 107 चा, म्हणजे हौशीपलीकडच्या उड्डाणांसाठीचा, एफएएचा परवाना लागतो. शिवाय मिरवणूक म्हणजे खाली माणसं, तो वेगळाच विषय. यापुढचं सगळं निव्वळ हौशी उड्डाणांबद्दल आहे.

वर्ग: कुठला कामाचा, कुठला सोडून द्यायचा

क्लास ए समुद्रसपाटीपासून 18,000 फुटांवर सुरू होतो. सोडून द्या. क्लास एफ अमेरिकेत वापरतच नाहीत. उरले बी, सी, डी, ई आणि जी.

क्लास बी म्हणजे सर्वांत गजबजलेले विमानतळ: नेवार्क, जेएफके, सॅन फ्रान्सिस्को, शिकागो ओ'हेअर, अटलांटा. याचा आकार उलट्या उतरंडीसारखा. सर्वांत लहान घेर जमिनीवर टेकलेला आणि वर जावं तसा घेर वाढत जातो. विमानतळाच्या अगदी भोवती क्लास बी जमिनीपासून सुरू होतो, पुढच्या कड्यात तो काही हजार फुटांवर, त्याच्या पुढच्या कड्यात आणखी वर. एडिसनमध्ये राहणारा माणूस "आम्ही नेवार्कच्या क्लास बी-खाली राहतो" म्हणतो ते खरं आहे, पण त्यातला 'खाली' महत्त्वाचा. एडिसनवर क्लास बीचा तळ ड्रोनच्या खूप वर आहे. 400 फुटांपर्यंतचं आकाश त्यात येत नाही.

क्लास सी त्याहून लहान: सॅन होजे, ओकलंड. साधारण पाच सागरी मैलांचा गाभा जमिनीपासून सुरू होतो, त्याबाहेर दहा सागरी मैलांपर्यंतचा कडा जमिनीपासून साधारण 1,200 फुटांवर. (एक सागरी मैल म्हणजे सुमारे 1.85 किलोमीटर.) गाभ्यात परवानगी लागते, कड्याखाली लागत नाही.

क्लास डी म्हणजे कंट्रोल टॉवर असलेले छोटे विमानतळ, आणि खरी फसगत इथेच होते. नेवार्कजवळ कोणी ड्रोन काढत नाही, प्रत्येकाला भीती वाटते. पण न्यू जर्सीतलं मॉरिसटाउन, कॉल्डवेल, टेटरबरो किंवा बे एरियातलं मॉफेट फील्ड, पालो आल्टो, रीड-हिलव्ह्यू ही नावं रोजच्या बोलण्यात नसतात. फ्लोरहॅम पार्कमधल्या मित्राचं परसदार कितीही शांत वाटलं तरी वर मॉरिसटाउनचा क्लास डी आहे, आणि तो थेट गवतापासून सुरू होतो. क्लास डीचा घेर साधारण चार सागरी मैलांचा असतो आणि उंची जमिनीपासून सुमारे 2,500 फूट. रात्री टॉवर बंद झाला की काही ठिकाणी याचा क्लास ई होतो, काही ठिकाणी जी. वेळा एफएएच्या चार्ट सप्लिमेंटमध्ये, म्हणजे विमानतळांच्या माहितीपुस्तकात, असतात.

क्लास ई दोन तऱ्हेचा. बहुतेक ठिकाणी तो जमिनीपासून 700 किंवा 1,200 फुटांवर सुरू होतो, म्हणजे आपल्याला त्याचं काही देणंघेणं नाही. पण काही विमानतळांभोवती तो जमिनीपासून असतो आणि तिथे परवानगी लागते.

उरलेलं सगळं क्लास जी. हौशी ड्रोनचं हक्काचं आकाश हेच, जमिनीपासून 400 फुटांपर्यंत.

नकाशा वाचायला शिका, अ‍ॅप असलं तरी

अ‍ॅप हिरवं किंवा लाल दाखवतं, कारण सांगत नाही. एकदा तासभर बसून एफएएचा सेक्शनल चार्ट, म्हणजे वैमानिकांचा हवाई नकाशा, वाचायला शिका. ते चार्ट एफएएच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, स्कायव्हेक्टर या संकेतस्थळावर थेट बघता येतात. आपल्या भागाचा चार्ट काढा. न्यू जर्सीच्या लोकांना 'न्यू यॉर्क' सेक्शनल लागतो.

रेषांचा रंग आणि जात लक्षात ठेवली की पुरे. सलग निळी रेषा क्लास बी, सलग किरमिजी सी, तुटक निळी डी. तुटक किरमिजी म्हणजे जमिनीपासूनचा ई. याशिवाय एक जाड, कडेला विरत जाणारा किरमिजी पट्टा दिसतो आणि नवखे त्यालाच घाबरतात. तो 700 फुटांवर सुरू होणारा क्लास ई दाखवतो. पट्ट्याच्या आत उभे राहून 400 फुटांवर उडवणारा माणूस क्लास जीमध्येच असतो.

क्लास बी आणि सीच्या कड्यांत अपूर्णांकासारखे आकडे दिसतात. ते शंभर फुटांच्या पटीत असतात, वरचा आकडा छत, खालचा तळ. 70 च्या खाली 30 असेल तर त्या कड्यात क्लास बी 3,000 पासून 7,000 फुटांपर्यंत. 70 च्या खाली 'एसएफसी' अशी तीन रोमन अक्षरं असतील तर तळ जमिनीवर आहे, तिथे हात जोडायचे आणि परवानगी मागायची. क्लास डीत चौकटी कंसात एकच आकडा असतो, [27] म्हणजे छत 2,700 फूट. तळाचा आकडा नसतो, कारण तो जमीनच.

हे आकडे समुद्रसपाटीपासूनचे असतात, 400 फुटांची आपली मर्यादा मात्र पायाखालच्या जमिनीपासून. न्यू जर्सीच्या सपाट भागात दोन्हींत फार फरक पडत नाही. डेन्व्हरची जमीनच सुमारे 5,280 फुटांवर आहे, तिथे चार्टवरच्या आकड्यातून ती वजा केल्याशिवाय काही कळत नाही.

चार्ट दर 56 दिवसांनी नवा निघतो. डाउनलोड करून ठेवलेली जुनी पीडीएफ वापरायची नाही.

आता अ‍ॅप, आणि परवानगी

कुठे उडवता येतं ते तपासायची एफएएची सेवा म्हणजे बी-फोर-यू-फ्लाय. पूर्वी तिचं एकच अ‍ॅप होतं, 2024 पासून ती एफएएने मान्यता दिलेल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या अ‍ॅपमधून मिळते. यादी एफएएच्या संकेतस्थळावर आहे. ड्रोनबरोबर आलेल्या अ‍ॅपवर विसंबू नका. डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या कंपनीने जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतलं सक्तीचं कुंपण काढून टाकलं. आधी ड्रोन विमानतळाजवळ उडायलाच नकार द्यायचा, आता फक्त इशारा येतो आणि तो बोटाने बाजूला सारता येतो. ड्रोन उडाला म्हणजे परवानगी आहे, असा अर्थ काढणारे बरेच भेटतात.

अ‍ॅपमध्ये शहराचं नाव टाकू नका, नेमकी जागा टाका. सनीव्हेलमध्ये एका बाजूला मॉफेटचा क्लास डी, दुसऱ्या बाजूला सॅन होजेचा क्लास सी. तिथे "सनीव्हेलमध्ये चालतं का?" या प्रश्नाला उत्तरच नाही, चौकाचौकाला उत्तर बदलतं.

नियंत्रित हद्दीत नकाशावर छोट्या चौकोनांची जाळी दिसेल. प्रत्येक चौकोनात आकडा: 0, 50, 100, 200, 300, 400. इथे तुम्हाला आपोआप परवानगी मिळू शकेल अशी ही कमाल उंची आहे, जमिनीपासून मोजलेली. धावपट्टीच्या टोकांसमोर शून्यं आणि जसजसं बाजूला जावं तसे मोठे आकडे. शून्याच्या चौकोनात उभे असाल तर गाडीत बसून अर्धा मैल पुढे जाणं हाच उपाय. हौशी उडवणाऱ्याला चौकोनातल्या आकड्याच्या वरची उंची मागताच येत नाही, ती सोय पार्ट 107 वाल्यांना आहे.

परवानगी 'लान्स' नावाच्या यंत्रणेतून मिळते. हौशी लोकांसाठी ती जुलै 2019 मध्ये खुली झाली. अ‍ॅपमध्ये नवीन उड्डाण उघडा. उद्देश विचारला की 'रिक्रिएशनल' निवडा. नकाशावर लहान वर्तुळ काढा, सगळं गाव त्यात घेऊ नका. वर्तुळ दोन चौकोनांवर पसरलं तर सहसा कमी आकडा लागू होतो. म्हणजे 300 च्या चौकोनात उभे राहून वर्तुळाची कड 100 च्या चौकोनात घुसवली तर हातात 100 च येतात. मग उंची, सुरुवातीची वेळ, कालावधी, फोन नंबर. बहुतेक वेळा काही सेकंदांत होकार येतो. तो आल्यावर मिळालेली उंची आणि वेळ पुन्हा वाचा. मागितली 200 आणि मिळाली 100 असं असेल तर 100 च. 90 दिवस आधीही अर्ज करता येतो, पण ऐन दिवशी तात्पुरती बंदी आली तर आधीच्या होकाराला अर्थ राहत नाही.

काही नियंत्रित विमानतळ लान्समध्ये नाहीत. तिथे ड्रोनझोनवरून अर्ज करायचा आणि वाट बघायची. फोन उचलून टॉवरला विचारणं हा मार्ग नाही, तिथला माणूस तोंडी परवानगी देत नाही.

जे चार्टवर छापलेलं नसतं

क्लास जी मिळाला म्हणून काम संपलं नाही. तात्पुरत्या उड्डाणबंदीला टीएफआर म्हणतात, आणि ती एका दिवसात येते नि जाते. राष्ट्राध्यक्ष कुठे गेले की त्यांच्याभोवती 30 सागरी मैलांचा घेर बंद होतो. बेडमिन्स्टरला ट्रम्प यांचा गोल्फ क्लब असल्यामुळे मध्य जर्सीतल्या लोकांना हा अनुभव उन्हाळ्यात नवीन नाही. काल हिरवी असलेली बाग आज बंद. वणवा, पूर, मोठा सोहळा यांनाही बंदी लागते.

स्टेडियमची बंदी तर ठरलेलीच. 30,000 किंवा जास्त आसनांच्या मैदानावर मेजर लीग बेसबॉल, एनएफएल, कॉलेज फुटबॉलच्या वरच्या विभागाचा सामना किंवा नॅसकारची मोठी शर्यत असेल, तर आधी एक तास ते संपल्यावर एक तास, तीन सागरी मैलांच्या आत उडवायचं नाही. ईस्ट रदरफोर्डचं मेटलाइफ स्टेडियम तर सामना नसतानाही टेटरबरोच्या इतकं जवळ आहे की तिथे वेगळा विचार करायची गरजच नाही.

21 सप्टेंबर 2017 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेमुळे न्यू यॉर्कवर बंदी होती. ब्रुकलिनमधल्या एका हौशी माणसाला तिचा पत्ता नव्हता. त्याने ड्रोन नजरेपलीकडे सुमारे अडीच मैल नेला आणि स्टेटन आयलंडजवळ तो लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला धडकला. हेलिकॉप्टर त्या वेळी साधारण 300 फुटांवर होतं. पात्याला इजा झाली, ते जर्सीतल्या लिंडेनच्या धावपट्टीवर सुखरूप उतरलं. त्या माणसाची सगळी भिस्त ड्रोनच्या अ‍ॅपवर होती. आणि 300 फूट म्हणजे आपल्या 400 च्या आत! "एवढ्या खाली विमान कुठे असतं?" या प्रश्नाला हडसनच्या काठी राहणाऱ्यांनी तरी हसावं, तिथे हेलिकॉप्टरं रोज दिसतात.

टीएफआर एफएएच्या संकेतस्थळावर वेगळ्या पानावर असतात. आदल्या रात्री एकदा आणि ड्रोन पेटीतून काढताना एकदा, असं दोनदा बघा.

वॉशिंग्टन डीसीबद्दल एकच ओळ: रेगन विमानतळाभोवती 15 सागरी मैलांच्या आत हौशी ड्रोन नाहीच, आणि 15 ते 30 मध्ये अटींसह. चेरी ब्लॉसमचे फोटो हातातल्या कॅमेऱ्याने काढावेत.

आकाश एफएएचं, जमीन दुसऱ्याची

आकाशाचा वर्ग एफएए ठरवते, पण ड्रोन उडतो आणि उतरतो तो जमिनीवर, आणि जमिनीच्या मालकाचे नियम वेगळे. राष्ट्रीय उद्यानांत जून 2014 पासून बंदी आहे. ग्रँड कॅन्यनवर बराच भाग क्लास जी असला तरी उद्यानाच्या हद्दीतून उडवता येत नाही. न्यू जर्सीच्या स्टेट पार्कांतही बंदी आहे, लिबर्टी स्टेट पार्क त्यात आलं. न्यू यॉर्क शहरात उड्डाणासाठी आणि उतरवण्यासाठी पोलिसांचा परवाना लागतो. काउंटी आणि गावच्या बागांचे नियम त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळावर 'ड्रोन' किंवा 'मॉडेल एअरक्राफ्ट' शोधल्यावर सापडतात. दुसरा शब्दही शोधा, जुने ठराव त्याच नावाने लिहिलेले असतात.

जागेवर पोचल्यावर

अ‍ॅपमधला निळा ठिपका खरोखर तुम्ही उभे आहात तिथेच आहे का ते पाहा. झाडीत फोन शंभर-दोनशे फूट इकडेतिकडे दाखवतो, आणि चौकोनाच्या सीमेवर तेवढा फरक पुरतो.

मग उंची. ड्रोनच्या पडद्यावरचा आकडा उड्डाणाच्या जागेपासूनचा असतो, ड्रोनखालच्या जमिनीपासूनचा नाही. टेकडीच्या माथ्यावरून ड्रोन सोडला, पडद्यावर 350 दिसले, आणि पुढे दरी 200 फूट खोल असली, तर ड्रोन त्या जमिनीपासून 550 फुटांवर आहे. पोकोनोजमध्ये किंवा कॅट्सकिल्समध्ये हे अगदी सहज होतं. पडद्यावर कमाल उंची आधीच बांधून ठेवा, दरीवर जायचं असेल तर ती आणखी कमी करा.

छोट्या, टॉवर नसलेल्या धावपट्टीजवळ असाल तर (हिल्सबरोजवळचं सेंट्रल जर्सी रिजनल घ्या) परवानगी लागत नाही, पण कान उघडे हवेत. तिथली छोटी विमानं धावपट्टीला वळसा घालून उतरतात, आणि विमान दिसलं की ड्रोन खाली आणणं हे तुमचं काम, त्याचं नव्हे. अशा जागी मी तरी उतरण्याच्या वाटेखाली उभं राहणार नाही, नियम देत असला तरी.

तोच ड्रोन सुट्टीत भारतात नेताय?

तिथे अक्षरं नाहीत, रंग आहेत. ड्रोन नियम 2021 प्रमाणे हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या कड्यात हिरवा फक्त 200 फुटांपर्यंत, त्यावर पिवळा. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, लालमध्ये केंद्र सरकारची. नकाशा डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) डिजिटल स्काय या संकेतस्थळावर आहे आणि उड्डाणाआधी तो तपासणं नियमानेच सक्तीचं आहे. पोलिसांना एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरता लाल पट्टाही जाहीर करता येतो. याशिवाय मुंबई पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वरचेवर निघतात, आणि ते नकाशावर शोधण्यापेक्षा बातम्यांत लवकर सापडतात. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं, त्यामुळे "आमच्या घरासमोरच तर उडवतोय" ही सबब तिथे आणखी लंगडी पडते. रायगड, शिवनेरी, लोहगड हे किल्ले पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे आकाश हिरवं असलं तरी खात्याची परवानगी वेगळी.

पण बॅग भरण्याआधीच एक गोष्ट बघा. फेब्रुवारी 2022 पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर भारतात बंदी आहे. सामानात ड्रोन सापडला तर कस्टम्स तो अडवून ठेवू शकतं, आणि मग सुट्टीचे दोन दिवस विमानतळाच्या चकरांत जातात. भावाच्या लग्नाचं चित्रण हवं असेल तर ड्रोन घरी ठेवा आणि तिथलाच चित्रणवाला ठरवा. त्याला तीन गोष्टी विचारा: ड्रोनचा नोंदणी क्रमांक, रिमोट पायलटचं प्रमाणपत्र, आणि कार्यालयाची जागा डिजिटल स्कायवर कुठल्या रंगात दिसते याचा स्क्रीनशॉट.